निकॉनची जुनी ७०-३०० लेन्स घेताय? तिच्यावरच्या 'एएफ'च्या (ऑटोफोकस) पुढचं अक्षर बघा, इंदूरमधे माझी अशी फसवणूक झाली

इंदूरमधे कोणी पहिला चांगला कॅमेरा घेतलाय आणि आता कमी बजेटमधे दुसरी लेन्स शोधतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. थोडं लांबेल, पण पैसे द्यायच्या आधी वाचा. माझे साडेअकरा हजार गेलेत, आणि ज्या पद्धतीने गेले ती पद्धत त्या दुकानात अजून चालू आहे.

माझ्याकडे निकॉनचा डी३५०० आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ (मिमी) किट लेन्स. हा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं. घरचे फोटो, गणपती, राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर (मिरवणूक), एवढ्याला ती लेन्स पुरते, लोक उगाच नावं ठेवतात तिला. पण हिवाळ्यात सिरपूर तलावावर पक्षी यायला लागले की ५५ ला काही होत नाही, बदक म्हणजे फोटोत नुसता ठिपका. म्हणून ७०-३०० घ्यायचं ठरवलं. डी३५०० चा सेन्सर छोटा असल्यामुळे ३०० वर साधारण ४५० एवढं जवळ दिसतं, म्हणजे सुरुवातीला पक्ष्यांसाठी पुष्कळ झालं. नवी परवडत नव्हती, मग सेकंडहँड कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

माझा कॅमेरा मी मुद्दाम सोबत नेला होता, लेन्स लावून बघायलाच. दुकानदाराने तो हातात घेतला, पुढून नीट बघून मॉडेलचा नंबर वाचला, ऑन केला आणि म्हणाला, "मॅडम, इसकी बैटरी डाउन है, फोकस सही पता नहीं चलेगा, मेरी बॉडी पे देख लो." मी म्हटलं रात्रीच फुल चार्ज केलीये, तर म्हणे बॅटरी जुनी झाली की कॅमेरा चुकीचं दाखवतो. माझा कॅमेरा तिकडे बाजूला ठेवला आणि काउंटरखालून स्वतःचा डी७२०० काढला. त्याच्यावर लेन्स चढवली, अर्धं बटण दाबलं की घर्रकन फोकस, समोरच्या दुकानाची पाटी एकदम क्लिअर. माझ्या हातात देऊन मलाही दोन-चार फोटो काढू दिले. वर म्हणे, "आँख बंद करके ले जाओ, कंपनी का माल है." किट लेन्स एक्सचेंजमधे देऊन टाका असंही खूप मागे लागला होता, ती मी दिली नाही. सोबत 'फ्री गिफ्ट' म्हणून पुढे फिरवून लावायची वाइड आणि टेली अशी दोन भिंगं दिली. ही भिंगं म्हणजे लेन्स नव्हेत बरं का, फिल्टरच्या आट्यांवर बसतात आणि फोटोच्या कडा पार धूसर करून टाकतात. कुठल्याही कॉम्बोमधे ती दिसली की त्यांची किंमत शून्य धरा.

घरी येऊन माझ्या कॅमेऱ्यावर लेन्स लावली तर फोकस हलेचना. बॅटरी तीच, किट लेन्सवर सगळं व्यवस्थित. दुकानात फोन केला तर म्हणाला सेटिंगमधे असेल, मग म्हणाला फर्मवेअर अपडेट करून घ्या, मग म्हणाला मुलगा गावाला गेलाय, आला की सांगतो. हे सगळं दिवस घालवायला होतं, ते नंतर कळलं.

आमच्या कॉलनीत एक काका आहेत, वर्षानुवर्षं लग्नाचे फोटो काढायचे. त्यांनी लेन्स हातात घेतली, मागचं झाकण काढून माउंटवर, म्हणजे कॅमेऱ्यात बसणाऱ्या कडीवर, बोट ठेवलं. तिथे कडेला खाच असलेला एक बारीक स्क्रू होता. "अगं, हिच्यात मोटरच नाहीये," म्हणाले. "हा स्क्रू कॅमेऱ्याच्या आतली मोटर फिरवते. तुझ्या कॅमेऱ्यात ती मोटर नाही, मग फिरवणार कोण?"

आता हे सगळ्यांनी नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथेच आहे. निकॉनच्या डी९०, डी७०००, डी७१००, डी७२००, डी७५०० या बॉडींमधे फोकसची मोटर आहे. डी३००० पासून डी३५०० पर्यंत आणि डी५००० पासून डी५६०० पर्यंत, म्हणजे नेमके बजेटवाले आपण जे कॅमेरे घेतो, त्यांच्यात नाही. त्यांना लेन्समधेच मोटर लागते, म्हणजे लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेलं हवं (एएफ-पी काही जुन्या बॉडींवर चालत नाही, ते खाली सांगते). नुसतं 'एएफ' असेल तर फोकस हाताने. आणि '७०-३००' या एकाच नावाने निकॉनच्या वेगवेगळ्या लेन्स बाजारात फिरतायत. एक जुनी एएफ ७०-३०० जी, जिच्यात ना मोटर ना व्हीआर (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय), पुढे बसणारा फिल्टर ६२ मिमीचा. दुसरी एएफ-एस व्हीआर, चांगली आणि महाग, फिल्टर ६७ चा. तिसरी एएफ-पी डीएक्स (डीएक्स म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची), हलकी, फिल्टर ५८ चा, आणि तिच्यातही व्हीआरवाली आणि बिनव्हीआरची अशा दोन येतात. मला पहिली दिली आणि पैसे असे घेतले की जणू दुसरी स्वस्तात मिळतेय. काकांच्या मते तिचे चार हजारसुद्धा जास्त झाले असते.

म्हणजे त्या माणसाने माझ्या कॅमेऱ्याचा नंबर वाचला तेव्हाच त्याला माहीत होतं की ही लेन्स याच्यावर चालणार नाही. म्हणून तर बॅटरीचं नाटक आणि मोटरवाली स्वतःची बॉडी. याचा मला अजून संताप येतो, कारण हे अज्ञानातून झालेलं नाही, ठरवून केलंय. नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाचा आनंद चेहऱ्यावर दिसत असतो, आणि हे लोक बरोबर तोच हेरतात.

पुढचं अजून वाईट. लेन्सवर एक यूव्ही फिल्टर घट्ट बसवलेला होता, दुकानात म्हणाला प्रोटेक्शनसाठी लावलाय, राहू द्या. काकांनी तो काढला, खोलीतला दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा मारला. आत दुसऱ्या-तिसऱ्या काचेवर कडेपासून मधे येणारं कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसलं. फंगस. पावसाळ्यात बंद कव्हरमधे लेन्स पडून राहिली की होतं हे, आणि जास्त दिवस राहिलं तर काचेवरचं कोटिंग खातं, मग साफ करूनही डाग जात नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही, वरून फिल्टर असला तर नाहीच नाही.

परत घेऊन गेले तर "बिका हुआ माल वापस नहीं होता". फंगसला म्हणाला डस्ट आहे. बिल मागितलं तर म्हणाला दिलंय की. दिलेली होती एक कच्ची चिठ्ठी, तिच्यावर '७०-३०० लेन्स' आणि रक्कम, बस. ना सीरियल नंबर, ना एएफ की एएफ-एस, ना जीएसटी. ती चिठ्ठी अशी का लिहिली होती ते तेव्हा लक्षात आलं.

तुम्ही जाल तेव्हा लेन्स स्वतःच्याच बॉडीवर लावून बघा, त्याने दहा कारणं सांगितली तरी. जास्तीची बॅटरी खिशात ठेवा म्हणजे तो बहाणाच उरणार नाही. फिल्टर काढायला लावा, टॉर्च मारा, आणि अॅपर्चर पूर्ण उघडं (एफचा आकडा सगळ्यात लहान) ठेवून विटांच्या भिंतीचा सरळ समोरून एक फोटो काढून चारही कोपरे झूम करून बघा, कधी हातातून पडलेली लेन्स असेल तर एखादी बाजू धूसर येते. टॅमरॉनची निकॉनसाठीची ७०-३०० सुद्धा आधी बिनमोटरची यायची, नंतर मोटरवाली आली, तेव्हा तिथेही विचारा. निकॉनच्या नव्या मिररलेस झेड सिरीजचा कॅमेरा घेऊन निकॉनच्याच अॅडॉप्टरवर जुनी लेन्स लावायचा विचार असेल तर नुसती 'एएफ' तिथेही आपोआप फोकस करत नाही. आणि उलटंही आहे, एएफ-पी लेन्स डी३२००, डी५१००, डी९० सारख्या जुन्या बॉडींवर फोकसच करत नाही. कॅननवाल्यांना हा मोटरचा त्रास नाही, त्यांच्या ईएफ लेन्समधे मोटर असतेच, फंगस मात्र कोणाला सोडत नाही.

बजेट खरंच कमी असेल तर माझं मत, किट लेन्स विकू नका, आणि घरातल्या कमी उजेडातल्या फोटोंसाठी एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ १.८ घ्या, छोटी आहे आणि डी३५०० वर मस्त चालते. पक्ष्यांसाठी एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर, सेकंडहँड घेतली तरी चालेल, पण नावात 'व्हीआर' वाचून.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार आहे, ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे फी लागत नाही आणि २ वर्षांच्या आत जाता येतं. सारखीच फसवणूक झालेले बरेच जण असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांसाठी मिळून एक तक्रारही करता येते. त्यामुळे इंदूरमधे कोणाकडे '७०-३०० लेन्स' एवढंच लिहिलेली अशी कच्ची चिठ्ठी पडलेली असेल तर फाडू नका, लेन्सच्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.