रिटायर फौजीच्या मनासाठी: सोबत्यांबरोबर डोंगर की डॉक्टरची खोली?

आपल्या मराठवाड्यात गावागणिक रिटायर फौजी सापडतो, गाव त्याला मेजर म्हणतं, पेन्शन चालू आहे म्हणजे याला काय दुःख असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, पुढं कोरडवाहू शेती, पोरांची शिक्षणं, आणि रात्री झोप नाही. वरातीतल्या फटाक्याला दचकतो, घरात चिडचिड, नाहीतर आठ-आठ दिवस तोंडातून शब्द नाही. मग घरचे विचारतात की याला डॉक्टरकडं न्यावं का त्याच्यासारख्या फौजींबरोबर डोंगरदऱ्यात फिरायला पाठवावं. मी स्वतः फौजेतून आलेला, अंबाजोगाईकडचा, आमची काही माजी सैनिकांची बालाघाटात चालायची सोबत आहे, म्हणून दोन्हीबद्दल जरा खोलात लिहितो.

आधी डोंगराचं. बाहेर चालण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे समोरासमोर बसावं लागत नाही. दोघं शेजारी-शेजारी चालताय, नजर वाटेवर, श्वास लागलेला, अशात माणूस एखादं वाक्य सहज बोलून जातो, जे घरात बायकोसमोरसुद्धा निघत नाही. आणि शेजारचा पण पोस्टवर राहिलेला असतो, त्याला बडी, म्हणजे जोडीचा जवान, लढाईत गेला की काय होतं हे समजावून सांगावं लागत नाही. हे काही आजचं खूळ नाही, अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातून परतलेला अर्ल शॅफर नावाचा सैनिक १९४८ साली अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची दोन हजार मैलांहून लांब वाट एका दमात चालून गेला, लढाई अंगातून चालत बाहेर काढायची म्हणून, आणि आता तिकडं माजी सैनिकांना टोळीनं अशा वाटांवर पाठवणाऱ्या संस्थाच आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा काही दिवसांच्या सहलींना गेलेल्या माजी सैनिकांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले, २०१४ मध्ये ते छापून आलं, त्यात मन हलकं होणं, लोकांत मिसळणं यात सुधारणा दिसली आणि त्यातली काही महिनाभरानंतरही टिकली होती. पण महिना म्हणजे वर्ष नव्हे. म्हणून एकदाच हिमालयात आठवडाभर जाऊन येण्यापेक्षा घराजवळ दर रविवारी तीन तास चाललेलं मला जास्त मोलाचं वाटतं, खर्च काय तर एसटीचं भाडं न् डबा.

जागा मात्र बघून निवडा. धारूरचा किल्ला, म्हैसमाळ, गौताळ्याचं जंगल चांगलं. देवगिरी गर्दीचा आहे आणि तिथला तो अंधारी मार्ग, वटवाघळांचा वास, पुढचं दिसत नाही, ज्यानं काश्मिरात घराघरांत सर्च केलाय त्याला तिथं पहिल्याच दिवशी नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा उजाडायच्या आत चालून परत. दिवाळीच्या रात्री फटाक्यांपासून लांब डोंगरात मुक्काम टाकला तर काहीजणांची वर्षातली सगळ्यात अवघड रात्र निभावते.

दोन गोष्टींवर मी अडून बसतो. फौजी कँटीनची दारूची बाटली पिशवीत नको, एकदा ती निघाली की चालणं राहतं बाजूला न् नुसती बैठक होते. दुसरं म्हणजे रँक घरी ठेवायची, सुभेदार साब सोबत असले की जवान नुसतं जी साब जी साब करत चालतो, मनातलं काही बोलत नाही.

ज्याला बोलायचंच नाही त्याच्यासाठी तिसरा रस्ता पण आहे, झाडं लावणं, बांधबंदिस्ती, श्रमदान. संभाजीनगरात २०१७ मध्ये १३६ इको ही महार रेजिमेंटची टेरिटोरियल आर्मीतली, पर्यावरणाच्या कामाची बटालियन उभी राहिली, त्यात माजी सैनिकच भरती होऊन उजाड टेकड्यांवर झाडं लावतात. ती पगाराची नोकरी, भरतीचे नियम वेगळे, सगळ्यांना जमेल असं नाही. पण गावात चार फौजींनी मिळून गायरानात रोपं जगवायला घेतली तरी सकाळी उठायला कारण मिळतं, आणि काम करता करता कधीतरी बोलणं पण होतं.

आता खोलीचं. आपल्याकडं मानसोपचार म्हटलं की येड्याचा डॉक्टर, याच शब्दानं किती फौजी घरात कुढत बसलेत. खरं सांगायचं तर आघाताच्या आठवणी रोज रात्री परत येत असतील, तर त्या नीट हाताळायचं शिक्षण डॉक्टर आणि समुपदेशकाकडंच आहे, आम्हा सोबत्यांकडं नाही. आम्ही ऐकून घेऊ शकतो, पण अर्धवट उकरलेली जखम संध्याकाळी घरी गेल्यावर कोण बघणार? शिवाय खोलीत बायकोला सोबत घेता येतं, डोंगरावरच्या टोळीत ती बाहेरच राहते, आणि हे सगळं सोसत तर तीच असते. गुपिताचं पण बघा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं डॉक्टरला तुमची माहिती जपणं बंधनकारक आहे, टोळीत मात्र सगळा भरवसा माणसांवर.

अडचण आहे ती अंतराची. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असलं तरी आधी त्यांचं पॉलिक्लिनिक, तिथून रेफरलची चिठ्ठी, मग मानसोपचारतज्ज्ञ, तालुक्याच्या माणसाचा अख्खा दिवस जातो. कार्ड नसेल तर जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज आहे. गोळ्यांचा असर दिसायला काही आठवडे जातात, तेवढ्यात काही फरक नाही म्हणून लोक सोडून देतात, ते करू नका. आणि गोळ्या चालू असताना उन्हात चालायचं असेल तर डॉक्टरला आधी विचारा, लिथियमसारख्या औषधात अंगातलं पाणी कमी झालं तर त्रास वाढतो.

मग निवडायचं काय? माणूस मरणाचं बोलत असेल, दारू रोजची झाली असेल, हात उगारत असेल, कित्येक रात्री झोपलाच नसेल, तर आधी डॉक्टर, डोंगर नंतर. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं आणि लायसनची बंदूक असेल तर तीही दुसरीकडं हलवा, आणि रात्री-अपरात्री कुणी भेटत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलतात. यातलं काही नसेल, नुसता गप्प झालाय, कुणात मिसळत नाही, गावाशी जमत नाही, तर सोबत्यांबरोबर चालण्यापासून सुरुवात करा, सहा-आठ जण पुरेत, त्यापेक्षा जास्त झाले की ट्रिप होते. दोन-तीन महिने नेमानं चालूनही झोप सुधरत नसेल तर टोळीतल्याच एकानं त्याच्याबरोबर डॉक्टरकडं जावं, फौजी घरच्यांचं ऐकत नाही पण सोबत्याच्या गाडीवर मागं बसून जातो, हे मी बघितलंय.