घरामागच्या वर्कशॉपला लाइन कुठून घ्यावी : घरचं मीटर, वेगळं तीन फेज, की सोलर?

घरामागे टिनाचं शेड टाकून वेल्डिंग, ग्राइंडर, कॉम्प्रेसर बसवायचा म्हटला, की गावात पहिला सल्ला मिळतो, "तीन फेज घ्या." माझं मत वेगळं आहे. स्वतःपुरतं काम असेल, म्हणजे वखराची पास जोडणं, ट्रॉलीचा पत्रा लावणं, तर घरच्या सिंगल फेजवरूनच जाड केबल न्या.

सगळ्या मशिनच्या वॉटची बेरीज करत बसू नका. एकटा माणूस एका वेळी एकच मशीन चालवतो. पाहायचं ते सगळ्यात मोठं मशीन आणि सोबत आपोआप चालू होणारा कॉम्प्रेसर. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन 100 अँपिअरवर लावलं, तर 230 व्होल्टच्या लाइनमधून साधारण 15 ते 20 अँपिअर घेतं. दोन एचपीचा कॉम्प्रेसर चालताना 10-12 घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढतो. घरचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने मीटरला मान्य केलेला लोड, कमी असेल तर आधी तो वाढवून घ्या.

खरी मेख केबलची. शेड 40 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 80 मीटर तार झाली. 2.5 चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत 15 अँपिअरला 9 व्होल्ट जातात, ते खपून जातं. कॉम्प्रेसरने सुरू होताना 60 अँपिअर ओढले की 35 व्होल्ट गेले. संध्याकाळी व्होल्टेज आधीच 200 वर उतरलेलं असेल, तर मोटरला उरले 165. मग ती नुसता आवाज करते, लोड उचलत नाही, आणि असं रोज झालं की वाइंडिंग जळतं. तीच तार 6 चौरस मिमीची घेतली तर तोटा 15 व्होल्टवर येतो. केबल आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची, पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा. ताणून मात्र टाकू नका, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसाळ्यात फुगते.

तीन फेज कधी? पाच एचपीची मोटर, मोठी लेथ किंवा गिरणी बसवायची असेल तेव्हा. मोटर सहज उचलते, प्रत्येक तारेत करंट कमी. पण वीज कंपनीचं कोटेशन भरा, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) जागा आहे का पाहा, खांब लागले तर वाट पाहा. आणि काम असो-नसो, स्थिर आकार दर महिन्याला आहेच. एक फेज उडाला तर मोटर जळू नये म्हणून प्रिव्हेंटरही लावावा लागतो. गिऱ्हाइकांचं काम पैसे घेऊन करणार असाल, तर वेगळं मीटर घेऊन धंदा सरळ ठेवा. तेही सिंगल फेज चालू शकतं.

वावरातल्या पंपाच्या लाइनवरून तीन फेज ओढायचा विचार करणारे पुष्कळ. तिथे तीन फेज दिवसाचे काहीच तास, तेही पाळीने. शिवाय असा वापर अनधिकृत धरून वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. नादी लागू नका.

सोलरचं थोडक्यात : साधं ऑन-ग्रिड सोलर लाइन गेली की स्वतःही बंद पडतं. बॅटरीवर वेल्डिंग ओढायचं तर बॅटरी नि इन्व्हर्टरचा खर्च वर्कशॉपपेक्षा जास्त व्हायचा. दिवे-पंख्याला ठीक.

वाचलेला पैसा अर्थिंगवर घाला. शेडजवळ वेगळा रॉड हवाच, पण मे महिन्यात माती कोरडी पडते. रॉडचा रोध 10 ओहम धरला, तर जिवंत तार मशीनच्या बॉडीला लागल्यावर 230 व्होल्टला जमिनीत करंट जातो 23 अँपिअर, आणि तेवढ्याने 32 अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. मशीनची बॉडी जिवंतच राहते! म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळताच लाइन तोडणारा स्विच, शेडमध्येच लावा. या स्विचांची पेटी तापणाऱ्या पत्र्याला चिकटवू नका. एमसीबीचं माप साधारण 30 अंशाला धरलेलं असतं, 45 अंशाच्या उन्हात टिनाखाली तो वेळेआधीच पडतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहा, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.