केसी, इलिनॉय: अवाढव्य वस्तूंच्या गावात तीन तास

अमेरिकेतल्या आय-७० या महामार्गावर इंडियानापोलिस आणि सेंट लुईस यांच्या साधारण मध्यावर एक्झिट १२९ लागतो. तिथे उतरलं की पाच मिनिटांत केसी. आजूबाजूला नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन, गावाची वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर, आणि मेन स्ट्रीटवर पाच मजली इमारतीएवढी रॉकिंग चेअर. तिकीट नाही, फाटक नाही, पार्किंगचे पैसे नाहीत. उघड्यावरच्या वस्तू कधीही बघता येतात.

‘जगात सर्वांत मोठं अमुक’ अशा पाट्या अमेरिकेच्या हायवेंवर पुष्कळ दिसतात. बहुतेक ठिकाणी तो नुसता पुतळा असतो: फोटो काढा आणि निघा. केसीचं वेगळेपण असं की इथल्या वस्तू खरोखर वापरता येतात. गिनीजची अटच तशी आहे. वस्तू मूळच्या प्रमाणात हवी आणि तिचं काम तिला करता यायला हवं. म्हणून इथल्या तेरा फुटांहून लांब विणायच्या सुयांवर खरोखर टाके घालून विणून दाखवावं लागलं, आणि रॉकिंग चेअर माणसं लावून डोलवून दाखवावी लागली. हे डोक्यात ठेवून गाव बघितलं तरच ते बघण्यात मजा आहे. गाडीतून काच खाली करून फोटो काढणाऱ्यांना वीस मिनिटांत ‘झालं की’ असं वाटतं, आणि त्यात गावाचा दोष नाही.

सुरुवात २०११ मध्ये विंड चाइमपासून, म्हणजे वाऱ्यावर वाजणाऱ्या लोंबत्या नळ्यांपासून, झाली. गावातले उद्योजक जिम बोलिन यांच्या कुटुंबाचा पाइपलाइन आणि टाक्यांच्या देखभालीचा व्यवसाय. पाइप, लाकूड, वेल्डर, क्रेन हे सगळं हाताशी होतं. जुना हायवे ४० गावातून जायचा. आय-७० झाल्यावर गाड्या गावाला वळसा घालून जायला लागल्या. त्या पुन्हा आत वळाव्यात म्हणून हा खटाटोप. गिनीजची मोहोर असलेल्या वस्तू आता डझनाच्या आसपास आहेत, शिवाय मोहोर नसलेल्या पेन्सिल, उंदराचा सापळा, मक्याचं कणीस अशा कितीतरी. बऱ्याच वस्तूंवर बायबलमधलं एखादं वचन लिहिलेलं आहे, तेही वाचा. करणाऱ्याचा भाव त्यातून कळतो.

पहिला वेळ विंड चाइमला द्या. सांगाडा ५५ फूट उंच, सर्वांत लांब नळी ४२ फुटांची. हलक्या वाऱ्याला या नळ्या दाद देत नाहीत, म्हणून खाली दोर सोडला आहे. मुलं इथे हमखास चुकतात: एकदम जोरात हिसका देतात, लोलक जेमतेम हलतो, आणि ‘वाजतच नाही’ म्हणून पुढे पळतात. झोपाळ्याला झोका देतो तसं करा. हळू ओढा, सैल सोडा, लोलक परत आला की त्याच तालात पुन्हा ओढा. चार-पाच झोक्यांत तो नळ्यांना भिडतो. आवाज गॅलरीतल्या विंड चाइमसारखा किणकिण नाही, देवळातल्या मोठ्या घंटेच्या घुमण्याजवळ जाणारा आहे. कारण साधं आहे: तेवढ्याच जाडीच्या नळीची लांबी दुप्पट केली की कंपनांची संख्या चौथाईवर येते. दोर सोडल्यावरही जरा वेळ तिथेच थांबा, घुमणं विरत जातं ते ऐकण्यासारखं आहे.

रॉकिंग चेअर ५६ फूट ६ इंच उंच, वजन ४६,२०० पौंड, म्हणजे जवळपास २१ टन. २०१५ मध्ये तिने मिझुरीतल्या फॅनिंगच्या ४२ फुटी खुर्चीचा विक्रम मोडला. फॅनिंगची खुर्ची नंतर सुरक्षेसाठी खाली वेल्ड करून टाकली. केसीच्या खुर्चीवरही चढायचं नसतं, तेव्हा तिथे फक्त बघायचं आहे. फोटोत एक गफलत नेहमी होते. माणसाला कॅमेऱ्याजवळ उभं केलं की खुर्ची लहान दिसते. माणूस खुर्चीच्या पायाशी हवा आणि फोन रस्त्याच्या पलीकडे. फोन तिरपा वर केला की खुर्ची मागे कललेली येते. त्यापेक्षा आणखी मागे जा आणि फोन सरळ धरा.

मेलबॉक्स सगळ्यांत आवडावा असा आहे. आकारमान ५,७४३ घनफूट, जिन्याने आत चढता येतं, आणि त्यात टाकलेलं पत्र खरंच टपालात जातं. आजी-आजोबांना भारतात कार्ड पाठवायचं असेल तर देशांतर्गत पोस्टकार्डाचं तिकीट पुरत नाही, ‘ग्लोबल फॉरएव्हर’ हे परदेशी टपालाचं तिकीट लावावं लागतं. तिकिटं घरूनच आणा. शनिवारी दुपारनंतर पोस्ट उघडं मिळेलच असं नाही. पत्त्यात पिनकोड ठळक लिहा आणि शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याच्या भानगडीत पडू नये. मुलांना वर पाठवून खाली उभं राहिलं तरी खिडकीतले हात छान दिसतात. मोठा पिंजरा मात्र सगळ्यांना जमतो, त्यात पक्ष्यासारखं आत जाऊन बसता येतं.

हे सगळं गावाच्या मध्यभागी, पायी फिरण्याच्या अंतरात आणि सपाटीवर आहे. गाडी एकदाच लावा. विणायच्या सुया आणि क्रोशाची सुई एका दुकानाच्या आत असल्यामुळे त्या दुकानाची वेळ पाळावी लागते. रविवारी छोट्या गावांत बरंच काही बंद असतं, त्यामुळे शनिवार सकाळ उत्तम. दुकानातून नकाशा मागून घ्या, नाहीतर लहान वस्तू हमखास सुटतात. तेवढ्यात ‘कुठून आलात’ ही चौकशी होतेच, आणि ती मनापासून असते. दोन वाक्यं बोला. कोणती वस्तू नवी झाली ते तिथेच कळतं.

गोल्फ टी (चेंडू ठेवायची खुंटी) गोल्फ क्लबाकडे आहे, तीस फुटांचा पिवळ्या पाइनचा खांब. गाडी काढून मुद्दाम जाण्याइतका तो नाही. रिचर्ड्स फार्म रेस्टॉरंटजवळचं साठ फुटी दाताळं जेवायला तिकडे जाणार असाल तरच बघा. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर ठेवावा, कारण गावात चीज पिझ्झा आणि सँडविचपलीकडे फारसं काही मिळत नाही. दशम्या, चटणी आणि पाण्याच्या बाटल्या असल्या की दुपार निभावते.

जुलै-ऑगस्टमध्ये सावली जवळजवळ नाही आणि धातू चटके देतो. सकाळी अकराच्या आत मुख्य वस्तू उरका, टोप्या हव्यातच. हिवाळ्यात माळरानावरचं वारं अडवायला काही नाही, आणि पायऱ्यांवर बर्फ असला तर वर चढू नका. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंडला पॉपकॉर्न फेस्टिव्हल असतो. पॉपकॉर्न फुकट आणि गाव रंगात, पण पार्किंग लांब आणि निवांत फोटो विसरा. भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर तो वीकेंड टाळा.

शिकागोहून आय-५७ ने एफिंगहॅम, तिथून आय-७० ने पूर्वेला तीसेक मैल. एकूण साडेतीन तासांच्या आसपास. एफिंगहॅमला १९८ फुटी पांढरा क्रॉस दिसतो. २०० फूट झाले असते तर विमानांसाठी वर दिवे लावावे लागले असते, म्हणून तो दोन फूट कमी. पूर्वेकडे जाणाऱ्यांनी एक्झिट १४७ ला मार्शलमध्ये कोर्टासमोरचा न्यायाधीशाचा मोठा हातोडा बघावा, दहा मिनिटं पुरतात. इंडियानापोलिसहून येणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावं: केसी सेंट्रल टाइमवर आहे, त्यामुळे येताना एक तास हाती लागतो आणि परतताना तोच जातो. इंडियानापोलिसला सातच्या आत पोचायचं असेल तर केसीच्या घड्याळाने चारला गाडी सुरू करा.