न उघडलेल्या गिअरबॉक्सचे ओव्हरहॉल

माझ्या ट्रकला क्लचचे पेडल नाही. गिअरबॉक्स आतून साध्या ट्रकसारखाच आहे. फक्त क्लच सोडवण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम चालकाऐवजी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते आणि तिला हुकूम कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा संगणक) देते. या गिअरबॉक्सच्या 'पूर्ण ओव्हरहॉल'चे बिल मी भरले, आणि तो गाडीखालून कधी उतरलाच नव्हता, हे मला ११ दिवसांनी कळले.

तक्रार अशी होती की चढावर चौथ्यातून पाचवा गिअर पडताना गाडी मध्येच न्यूट्रलमध्ये अडकायची आणि डिस्प्लेवरचा आकडा लुकलुकू लागायचा. गाडी बाजूला घेऊन, चावी बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालू केली की सगळे सुरळीत होई. झिजलेले दाते चावी फिरवल्याने बरे होत नसतात, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

गॅरेजमालकांनी युनिटमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पण पडदा स्वतःकडेच ठेवला. छापील कागद मागितला तेव्हा मशीनला प्रिंटर नसल्याचे सांगितले. मग ड्रेन प्लग (ऑइल काढायचे बूच) काढून त्याच्या चुंबकाला चिकटलेला करडा, लोण्यासारखा मऊ लगदा बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "साहेब, हे तुमचे गिअर. पिठासारखे दळले गेले आहेत." मी घाबरलो आणि होकार दिला. वास्तविक इतका बारीक लगदा चालत्या गिअरबॉक्समध्ये साचतोच आणि तो धरून ठेवण्यासाठीच ते चुंबक असते; नखाला टोचणारे तुकडे किंवा लांबट कीस निघाला, तरच धास्ती घ्यावी.

अशा गाडीत गिअर कसा बदलतो, हे मला आधी ठाऊक असते तर मी इतका सहज फसलो नसतो. अॅक्सिलरेटर किती दाबला आहे, इंजिनचे फेरे किती आहेत, गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट किती वेगाने फिरतो आहे आणि रस्त्याला चढ किती आहे, यावरून कंट्रोल युनिट गिअर ठरवते. मग ते इंजिनचा जोर क्षणभर कमी करते, चालू गिअर सोडवून न्यूट्रलमध्ये आणते, पुढच्या गिअरशी वेग जुळवते (वर जाताना आतला शाफ्ट मंदावून, खाली येताना इंजिनचे फेरे वाढवून) आणि मगच तो गिअर टाकते. गिअर नीट बसल्याची खूण सेन्सरकडून मिळाली नाही तर बहुधा पुन्हा प्रयत्न होतो, आणि तरीही जमले नाही तर गाडी न्यूट्रलमध्येच राहते. या साखळीत हवेचा दाब अपुरा पडला, कनेक्टरमध्ये पाणी शिरले किंवा विजेचा पुरवठा डळमळला, तर धडधाकट गिअरबॉक्सही नेमका खराब झाल्यासारखा वागतो. (टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून पुढे देणारा भाग, असलेल्या ट्रकचे गणित वेगळे असते, तिथे ऑइल कमी झाले तर पंप हवा ओढतो, जास्त झाले तर फेस होतो, आणि दोन्ही वेळा गिअरबॉक्समधले क्लच घसरतात. त्यामुळे तिथे दुरुस्तीची भाषा सुरू होण्याआधी, उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला ऑइलची पातळी स्वतःसमोर पाहून घ्यावी.)

ओव्हरहॉलनंतर ११ दिवस गाडी उत्तम चालली आणि बाराव्या दिवशी त्याच चढावर तशीच अडकली. या वेळी मी ती एका वयस्कर वायरमनकडे नेली. त्यांनी गिअरबॉक्सला हातही लावला नाही. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे गिअरबॉक्सच्या अंगाला लावून त्यांनी चालकाला स्टार्टर मारायला सांगितला. २४ व्होल्टच्या गाडीत हा फरक साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. आमच्या मीटरवर १.८ दिसले. अर्थची पट्टी (विजेची परतीची वाट) चॅसिसला जिथे जोडलेली होती, तिथे बोल्टखाली हिरवट गंज धरला होता. त्यांनी कागदावर छापून दिलेल्या बिघाडाच्या कोडमध्ये 'व्होल्टेज कमी' ही नोंद १४ वेळा होती. पट्टी बदलून, जागा घासून स्वच्छ केली आणि दुखणे थांबले. मधले ११ दिवस कसे बरे गेले, याचा त्यांनी केलेला उलगडा मला पटला: गॅरेजमध्ये कोणीतरी ती पट्टी सैल करून पुन्हा आवळली असावी आणि गंजलेला सांधा तेवढ्यापुरता धरला असावा.

त्यानंतर त्यांनी टॉर्च मला गाडीखाली धरायला लावला. गिअरबॉक्स उतरवायचा तर बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) सगळे बोल्ट सोडवावे लागतात. आमच्या बोल्टांवर कित्येक महिन्यांचा वाळलेला चिखल तसाच होता, कडांवर गंज अखंड होता आणि पान्याचा एकही चकचकीत ओरखडा नव्हता. कंट्रोल युनिटमध्ये क्लचच्या झिजेचा आकडाही जुनाच होता. बिलात मात्र नवी क्लच प्लेट लावलेली होती, आणि आमच्या गाडीत ती बदलल्यावर युनिटला नव्याने शिकवावे लागते.

फोटो घेऊन मी गॅरेजमालकांकडे गेलो. जुने भाग मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे कळले. बोल्टांचे विचारले तेव्हा फोटोकडे नीट पाहून ते म्हणाले, "साहेब, चिखल वाटेत बसला असेल." त्या १२ दिवसांत आमच्या रस्त्यावर पावसाचा एक थेंबही पडलेला नव्हता.