जडत्व शिकवायला काय बरं: एसटी की कॅरम?

एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात. हे जडत्व, म्हणजे आहे त्याच स्थितीत राहण्याची वस्तूची ओढ, प्रत्येकाने अंगाने अनुभवलेलं असतं. पण वळणावर मुलं हमखास फसतात, 'कुणीतरी बाहेर ढकललं' म्हणतात. खरं तर शरीर सरळच जाऊ पाहतं, वळते ती गाडी. शिवाय प्रयोग पुन्हा करायचा तर ड्रायव्हरची मर्जी!

कॅरमवर तसं नाही. सात-आठ सोंगट्यांची चळत रचा आणि तळच्या सोंगटीला स्ट्रायकर जोरात हाणा: ती निसटते, बाकीची चळत जागच्या जागी खाली बसते. पावडर टाकून आणि न टाकता मारून बघा, घर्षण बोटांनाच कळतं. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत, सोंगटी जेमतेम ५. म्हणून समोरासमोर टक्कर होऊनही स्ट्रायकर थोडा पुढे सरकतोच.

वर्गात मी कॅरमच नेईन. एसटी सहलीच्या दिवशी.