ओपन स्टान्स, सात महिन्यांनंतर: वेजला ठेवा, ड्रायव्हरला नको

गोल्फमध्ये ओपन स्टान्स किती कामाचा? आठवड्याला दोनदा रेंज (सरावाचं मैदान) आणि जमेल त्या रविवारी 18 होल, अशा सात महिन्यांच्या वापरानंतरचा हा हिशोब. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरावी.

स्टान्स म्हणजे चेंडूपाशी उभं राहण्याची पद्धत, आणि ओपन स्टान्स म्हणजे डावा पाय लक्ष्याच्या रेषेपासून थोडा मागे. बस, एवढंच. पण पाय मागे गेला की कंबर आणि खांदेही आपसूक डावीकडे वळतात आणि तक्रारी तिथूनच सुरू होतात. पाय ओपन, खांदे सरळ: हे जमलं तर स्टान्सचा फायदा मिळतो. खांदेही वळले तर क्लब (गोल्फची काठी) बाहेरून आत येतो, फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) त्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून राहतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. हाच स्लाइस. फेस मार्गाइतकाच डावीकडे असेल तर पुल, म्हणजे चेंडू न वळता डावीकडे. स्लाइस होतो म्हणून आणखी डावीकडे उभे राहणारे रेंजवर रोज दिसतात. तेवढ्याने मार्ग अजून डावीकडे जातो आणि स्लाइस अजून मोठा होतो. स्लाइसवरचं औषध म्हणून हा स्टान्स घेऊ नका.

आता जिथे तो खरंच कामाचा आहे ते. 30 ते 60 यार्डांच्या वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) शॉटमध्ये स्विंग एवढा छोटा असतो की कंबरेला उघडायला वेळच मिळत नाही. मग हात छातीच्या पुढे निघून जातात, मनगट पलटतं आणि चेंडू एकदा डफ (क्लब आधी जमिनीला), एकदा टॉप (क्लब चेंडूच्या वरच्या भागाला). कंबर आधीच थोडी उघडी असली की छाती चेंडूपलीकडे सहज वळते. टाचांमध्ये 15 ते 20 सेंटिमीटर अंतर, डावा पाय 3 सेंटिमीटर मागे, त्याचा पंजा 20–30 अंश बाहेर, वजन किंचित डाव्या पायावर. पंजा बाहेर न काढता नुसता पाय मागे घेतला तर कंबर तिथेच अडते आणि सगळी मेहनत फुकट.

सेंटिमीटर इतके मोजून का सांगतोय? अरुंद स्टान्समध्ये थोडं अंतरही मोठा कोन करतं. पाय 5 सेंटिमीटर मागे घेतला तर 45 सेंटिमीटर रुंद स्टान्समध्ये साधारण 6 अंश होतात, 20 सेंटिमीटरच्या स्टान्समध्ये 14. सहा अंशही थोडके नाहीत: 150 यार्डांवर पायांची रेघ लक्ष्याच्या 16 यार्ड डावीकडे जाते. खांदे तिच्या मागे गेले तर ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत) चुकलंच समजा.

दुसरी फसगत चेंडूच्या जागेची. चेंडू मध्यावर ठेवून डावा पाय मागे घ्या आणि खाली बघा: तो उजव्या बुटासमोर गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात लक्ष्याच्या रेषेवर तो हललेला नसतो, बुटांची रेघ फिरलेली असते. त्या दिसण्याला फसून चेंडू पुढे सरकवला की क्लब जमिनीत आधी घुसतो. म्हणून क्रम पाळा. दोन्ही पाय जुळवून चेंडू मध्ये घ्या, पाय सरळ फाकवा, डावा मागे घ्या, आणि त्यानंतर चेंडूकडे संशयाने बघू नका. जागा तपासायची तर बुटांवरून नको, छातीच्या हाडावरून तपासा.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) हिशोब वेगळा. तिथे फेस आधी उघडायचा, मग ग्रिप (हातांची पकड), मग स्टान्स. ग्रिप धरून नंतर मनगटाने फेस उघडला तर वाळूत जाईपर्यंत तो परत बंद होतो. चेंडू डाव्या टाचेकडे, क्लब त्याच्या साधारण 5 सेंटिमीटर मागे वाळूत.

9 आणि 8 आयर्नला (लोखंडी क्लब; आकडा कमी तितका क्लब लांब) पाय जेमतेम 2 सेंटिमीटर मागे. 7 आणि त्याहून लांब क्लबना सरळ स्टान्स. लांब क्लबला बॅकस्विंगमध्ये खांदे पूर्ण वळायला हवेत, आणि ओपन स्टान्स नेमकं तेच आखडतो. उजवा पंजा 10–15 अंश बाहेर काढला तर थोडी सूट मिळते, ज्यांची कंबर कमी वळते त्यांना जास्त. तरी ड्रायव्हरला (सर्वात लांब क्लबला) अंतर घटतं ते घटतंच. अमेरिकन गोल्फपटू ली ट्रेव्हिनो ओपन स्टान्सवर 6 मेजर (गोल्फच्या सर्वात मोठ्या स्पर्धा) जिंकला हे खरं, पण पाय डावीकडे ठेवून तो चेंडू लक्ष्याकडे ढकलायचा, पायांच्या रेघेवरून कापायचा नाही. नुसते त्याचे पाय उचलून तो शॉट येत नाही.

तपासणीला दोन अलाइनमेंट स्टिक (दिशा तपासायच्या काठ्या) पुरतात: एक चेंडूपलीकडे लक्ष्याच्या रेषेला समांतर, दुसरी खांद्यांवर आडवी धरून. दोन्ही समांतर दिसल्या की पुरे, पाय कुठे का असेनात. शॉट झाल्यावर डिव्हट (क्लबने गवत उखडून पडलेला खड्डा) बघा. किंचित डावीकडे असेल तर चालेल. स्पष्ट डावीकडे आणि खोल असेल तर खांदे वळले. पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर (मैदानातला कापलेल्या गवताचा पट्टा) ही चूक लपत नाही, क्लब चिखलात रुततो आणि चेंडू अर्ध्यावर पडतो.