‘खात्रीची जोडी’ म्हणून विकलेले साप

मोबाइलवर ‘अमेरिकन गार्टर स्नेक, नर-मादी, खात्रीची जोडी’ अशी जाहिरात तुमच्यापर्यंत आली असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. डिचोलीत आमच्या घरात हा प्रकार घडला. पैसे माझ्या भाच्याचे गेले, आणि दोन मुके जीव काही कारण नसताना प्लास्टिकच्या डब्यात कोंडले गेले. मला राग त्या दुसऱ्या गोष्टीचा जास्त आहे.

भाच्याला लहानपणापासून सापांची ओढ. विहिरीपाशी धामण निघाली की बाकीचे काठी शोधतात आणि हा आडवा उभा राहतो. त्या ओढीत काही वाईट नाही. विकणाऱ्याने मात्र तिचाच फायदा घेतला. एक साप 7,000 रुपयांना, पण ‘मादी दुर्मीळ, शिवाय गाभण’ म्हणून तिचे 11,000. मिळून 18,000. पैसे आधी क्यूआर कोडवर भरून घेतले आणि म्हापशाच्या बसस्टँडवर येऊन डबे हातात दिले. सोबत लॅमिनेट केलेला एक कागद, त्यावर सिंहमुद्रा आणि ‘भारत सरकार’.

नर कुठला आणि मादी कुठली, हे कसं ओळखायचं असं भाच्याने विचारलं. त्यावर आलेला मेसेज माझ्याकडे जपून ठेवला आहे: “भाई, सिंपल आहे. अंगावर लाली दिसते तो नर, पिवळट असते ती मादी. मादी महिन्याभरात अंडी घालणार.” बरोबर परदेशी गार्टरचा फोटो जोडला होता, कुशीवर लाल ठिपके असलेला. डब्यातल्या एका सापाच्या मानेपाशीही लाली होतीच. माणूस विश्वास ठेवतो तो असा.

पुढे पाऊस लागला आणि एका सकाळी भाच्याने हाक मारली, “मामा, लवकर या!” कोपऱ्यातल्या ओल्या शेवाळावर सात अंडी होती, पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली. ती घातली होती लाली असलेल्या सापाने, म्हणजे ज्याला नर म्हणून विकलं होतं त्याने.

गावातल्या सर्पमित्राला बोलावलं. त्याने डब्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, ही नानेटी. ह्या आपल्या शेतातली.”

मग टॉर्च धरून त्याने जे दाखवलं ते सविस्तर लिहितो, कारण विकणारे कमावतात ते खरेदीदाराला हे ठाऊक नसतं म्हणूनच. गार्टर सापाला बहुधा तीन लांब रेघा असतात, त्यातली एक ऐन पाठीच्या कण्यावरून जाते आणि बाकीच्या दोन कुशीवरून. नानेटीला पाठीवर दोनच पिवळट पट्टे असतात. दोन्हींच्या मधला कणा तपकिरी, रेघेवाचून कोरा. पट्टे शेपटीकडे जास्त ठळक होत जातात आणि त्यांच्यामधून काळे आडवे पट्टे जातात. मानेपाशी दिसणारी लाली म्हणजे खवल्यांमधली कातडी. नानेटी घाबरून अंग फुगवते तेव्हा ती उघडी पडते, काही नानेट्यांत ती निळसरही असते. तिचा नर-मादीशी काडीचा संबंध नाही. विकणाऱ्याने सापाच्या भीतीच्या खुणेलाच नराची खूण म्हटलं.

दुसरी खूण पोटाकडची. पोटावर रुंद खवल्यांची एकेरी ओळ असते, ती संपते तिथे आडवी फट, आणि तिथूनच शेपटी सुरू होते. त्या फटीवर झाकण घालणारा खवला गार्टरमध्ये अखंड असतो, नानेटीत तो मधोमध दुभंगलेला असतो. सर्पमित्राने कपड्यात सैल गुंडाळलेला साप धरून टॉर्चखाली ती चीर आम्हाला दाखवली. डोळ्यांनी दिसली, पण दिसायला नीट पाहावं लागलं.

आता नर-मादी. गार्टर असो वा नानेटी, पाहायचं ते शेपटीकडे. नराची जननेंद्रियं फटीच्या मागे शेपटीच्या बुडात आत वळलेली असतात, म्हणून त्याची शेपटी लांब, बुडाशी जाड, आणि पडवळाच्या टोकासारखी हळूहळू बारीक होत जाते. मादीची शेपटी आखूड असते आणि फटीनंतर लगेच बारीक होते. प्रौढ गार्टरमध्ये मादी नरापेक्षा ठळकपणे मोठी आणि जाड असते, पण वय माहीत नसलेल्या दोन सापांत तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. दोन्ही शेपट्या शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक कळतो, एकट्या सापाचा कळणं अवघड. पिल्लांत तर आणखी अवघड. अनुभवी लोक बोथट, वंगण लावलेली सळई फटीतून शेपटीकडे अलगद घालून खोली पाहतात. नरात ती खोल जाते, मादीत थोडीच. हे कुणी यूट्यूबवर बघून घरी करू नका. चुकीच्या हाताने सापाला आतून इजा होते. आमच्या दोन्ही शेपट्या आखूड आणि झटकन निमुळत्या होत्या. सर्पमित्राच्या मते दोन्ही माद्या, म्हणजे जोडी नव्हतीच.

आणि अंड्यांचं काय? गार्टर साप अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. ‘गार्टर मादी अंडी घालणार’ असं लिहून देणाऱ्या माणसाने त्या एका वाक्यातच आपण काय विकतो हे उघड केलं होतं. गार्टरच्या नराला स्वतःला मादी ओळखायची असते तेव्हा तो तिच्या कातडीवरचा वास घेतो, तिचा रंग नाही बघत. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाच्या जागी वसंतात हजारो साप जमतात, तिथे काही नर मादीसारखा वास सोडतात आणि दुसरे नर त्यांच्याभोवती गोळा होतात. सापालाही इतकं करावं लागतं, आणि इथे कुणी फोटोवरून सांगतो.

कागदाबद्दल. केंद्राने 2020 मध्ये परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली होती, त्याच्या नावाने असे कागद दाखवतात. आमच्या कागदावर ना प्राण्याचं नाव, ना कुणाची सही. परदेशातून जिवंत प्राणी आणायचा तर आयातीचे कागद असतात, ते मागितले की ही माणसं फोन उचलत नाहीत. आमच्याकडे तेच झालं. नंतर कळलं की हेच लोक मांडूळ ‘दोन तोंडांचं’ म्हणून लाखांत विकायला बघतात. मांडुळाची ती शेपटी असते, बोथट.

नानेटी आपला रानातला साप आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मुळे तो पकडणं आणि विकणं गुन्हा, घरात ठेवणाऱ्यावरही तो शेकू शकतो. म्हणून दुसऱ्या कुणाला विचारत बसलो नाही, सर्पमित्राकडूनच वन खात्याला फोन केला. त्यांना डबे, मेसेज आणि तो लॅमिनेट कागद सगळं दिलं. अंडी उचलताना सर्पमित्राने वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली, कारण सापाची अंडी उलटी-सुलटी झाली तर आतला जीव मरू शकतो. दोन्ही माद्या तपासून परत सोडायला नेल्या.

पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. अजून काही हातात आलेलं नाही. तुमचं असं काही झालं असेल तर चॅट पुसू नका, क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा, फोन लगेच करा. पैसे पुढे सरकले की अडवणं कठीण जातं. आणि साप अजून डब्यात असेल, तर आधी वन खात्याला कळवा, तो बाहेर सोडायला स्वतः जाऊ नका.